दुष्काळाला इंग्रजीत काय म्हणायचं? ड्राउट की फॅमिन

मी अंबाजोगाईत अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवते. शिष्यवृत्तीचा अर्ज, पुण्या-मुंबईच्या किंवा बाहेरच्या विद्यापीठात प्रवेशासाठी लिहायची स्वतःची माहिती, गावातल्या संस्थेचा अहवाल, असं काही इंग्रजीत लिहायचं असलं की आमच्याकडची मुलं कागद घेऊन घरी येतात. मराठवाड्याचं लेकरू स्वतःबद्दल लिहायला बसलं की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत दुष्काळ येतोच, आणि पेन तिथंच अडतं. डिक्शनरीत दुष्काळापुढं दोन शब्द असतात, ड्राउट आणि फॅमिन. बहुतेक मुलं फॅमिन उचलतात. तो वजनदार वाटतो आणि त्याचं स्पेलिंगही सोपं आहे. कागद मात्र तिथंच बिघडतो, कारण वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढं भलतंच चित्र उभं राहतं. हे दोन शब्द कसे ओळखायचे, कुठं कोणता वापरायचा आणि सरकारी कागद इंग्रजीत नेताना काय सांभाळायचं, ते इथं सांगते.

मुळातला फरक असा. ड्राउट म्हणजे पाण्याची तूट. पाऊस पडला नाही, जमिनीत ओल नाही, विहिरी-तलाव आटले, तर तो ड्राउट. फॅमिन म्हणजे भूक. एखाद्या मुलखात लोकांना खायलाच मिळत नाही आणि उपासमारीनं, त्यातून येणाऱ्या रोगराईनं माणसं मोठ्या संख्येनं मरायला लागतात, तेव्हा तो फॅमिन. शब्दांच्या कुळातही हे दिसतं. ड्राउट हा ड्राय या शब्दाचा सख्खा भाऊ, दोघं जुन्या इंग्रजीतल्या एकाच मुळातून आले. फॅमिन फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'फामेस' आहे, म्हणजे भूक. 'आय ॲम फॅमिश्ड' म्हणजे भुकेनं जीव चाललाय, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. त्यातला फॅमिश्डही याच घरातला. एवढं ध्यानात राहिलं तरी पाठांतराची गरज उरत नाही.

आपला 'दुष्काळ' मात्र दोन्ही पोटात घेतो. दुः अधिक काळ, वाईट काळ. काय कमी पडलं ते हा शब्द सांगतच नाही, म्हणून त्याच्या पुढं कोरडा लागतो, ओला लागतो, पाण्याचा लागतो, चाऱ्याचा लागतो. मराठीत हे आपण आपसूक समजून घेतो. इंग्रजीत ते समजून घेतलं जाणार नाही, तिथं शब्द निवडतानाच ठरवावं लागतं. म्हणून दुष्काळ लिहायच्या आधी स्वतःला विचारायचं: काय नव्हतं? पाणी नव्हतं की अन्न नव्हतं? आणि अन्न नव्हतं म्हणत असाल तर पुढचं विचारायचं: भुकेनं माणसं दगावत होती का, एखाददुसरं नव्हे, गावच्या गावं? याचं उत्तर 'हो' असेल तरच फॅमिन लिहायचं.

बहात्तरचा काय?

हा प्रश्न वर्गात दरवर्षी निघतो आणि निघायलाच पाहिजे. आपल्या आजी-आजोबांसाठी दुष्काळ म्हणजे बहात्तरचा. मुलं म्हणतात, मॅडम, तो तरी फॅमिन असेल ना? खायला नव्हतं म्हणतात लोक.

माझी आई तेव्हा खडी फोडायला जायची. तिच्याकडून ऐकलेलं सांगते. दुष्काळी कामावर हजेरीपटात नाव लागलं की बायामाणसं, पोरंसोरं सगळी उन्हात रस्त्याच्या कडेला बसायची. पुढ्यात दगडाचा ढीग, हातात हातोडी, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. फोडलेली खडी मापून घेतली जाई आणि आठवड्याला पगार होई. खायला मिलो. अमेरिकेतून आलेली ती लाल ज्वारी. आई म्हणते, पिठाला चिकटाच नव्हता, थापायला घेतली की भाकरीच्या कडा फाटायच्या, तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन तुकडे व्हायचे. कामावर सुकडी वाटायचे, ती लेकरांना आवडायची. घरचे बैल चाऱ्यावाचून गेले. आडाचं पाणी गेलं आणि त्यानंतरच्या काळात गावोगाव बोअर दिसू लागले.

आता या आठवणीला इंग्रजीत कोणतं नाव द्यायचं? १९७२ चा तो 'ड्राउट'. इंग्रजी पुस्तकं, संशोधन, वर्तमानपत्रं, सगळीकडं त्याला मुख्यतः 'महाराष्ट्र ड्राउट' असंच म्हटलं जातं, आणि त्यामागं कारण आहे. १९७० ते १९७३ या सलग वर्षांत पिकं बुडाली, शेतात काहीच उरलं नाही, माणसं अर्धपोटी राहिली. पण सरकारनं कामं काढली, मजुरी हातात पडत राहिली आणि बाहेरून धान्य येत राहिलं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. अमर्त्य सेन आणि ज्याँ द्रेज या अर्थशास्त्रज्ञांनी भूक आणि उपासमार यांवर काम केलं, त्यात महाराष्ट्राचा हा काळ फॅमिन टाळल्याचं उदाहरण म्हणून येतो. ड्राउट भीषण होता, फॅमिन होऊ दिला नाही. या कामांच्या काळातच वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना राज्यभर रुजली, १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढं देशभर झालेल्या रोजगार हमी कायद्याच्या मागं ही आपली योजना आहे.

म्हणून कुणी बहात्तरला फॅमिन लिहिलं की मी ते खोडते आणि का खोडलं तेही सांगते. माझ्या आईच्या बोटांना आलेले घट्टे त्या खोडण्यामागं आहेत. त्या हातांनी फोडलेल्या खडीचे रस्ते, पाझर तलाव, बांध अजून आपल्या शिवारात आहेत. तो काळ फॅमिन म्हणून लिहिला तर लोकांनी आणि यंत्रणेनं मिळून जे थोपवलं तेच पुसलं जातं.

फॅमिन कुठं लिहायचं

१८७६ ते १८७८ चा दख्खनचा दुष्काळ हा फॅमिन, यात शंका नाही. पाऊस गेला, धान्य महागलं आणि लाखो माणसं मेली. इंग्रजीत तो 'ग्रेट फॅमिन ऑफ १८७६–७८' म्हणून ओळखला जातो. त्यानंतर ब्रिटिश सरकारनं फॅमिन कमिशन नेमलं, त्याचा अहवाल १८८० चा, आणि त्यातून प्रांतोप्रांतीचे 'फॅमिन कोड' निघाले. मराठवाडा तेव्हा निजामाच्या हैदराबाद राज्यात होता, त्यामुळं आपल्या भागाचा इतिहास लिहिताना 'मुंबई इलाख्यात' असं लिहून मोकळं होऊ नका. चौदाव्या शतकाच्या शेवटाला सुरू झालेला दुर्गादेवीचा दुष्काळही इंग्रजीत 'दुर्गादेवी फॅमिन'च.

पाऊस नीट पडूनही फॅमिन येऊ शकतो, हे पटलं की दोन शब्दांची गाठ कायमची सुटते. १९४३ च्या बंगालचं बघा. महायुद्ध चालू होतं, ब्रह्मदेशातून येणारा तांदूळ बंद झाला, भाव भडकले, मजुराच्या हातातल्या पैशात पोटापुरतं मिळेना. सेन यांचं म्हणणं असं की बंगालमध्ये अन्न अगदी संपलं नव्हतं, गरिबाला ते विकत घेता येत नव्हतं. 'बेंगॉल ड्राउट' लिहिलं तर सगळी जबाबदारी आभाळावर जाते. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याच्या पिकावर रोग पडला. तिथं पाण्याची काही कमी नव्हती, उलट ओलसर हवेत तो रोग पसरला. तरी लाखो माणसं भुकेनं आणि आजारांनी गेली. इंग्रजीत तो 'आयरिश फॅमिन'.

एकाच घटनेत दोन्ही शब्द कसे बसतात यासाठी मी २०११ चं पूर्व आफ्रिकेचं उदाहरण देते. पाऊस सोमालियातही गेला, केनियातही, इथिओपियातही. ड्राउट तिघांच्याही वाट्याला आला. फॅमिन मात्र जाहीर झाला तो दक्षिण सोमालियाच्या भागांत, कारण तिथं युद्ध चालू होतं आणि मदत पोचत नव्हती. आता अशी घोषणा करायला मोजमाप ठरलेलं आहे: किमान २० टक्के घरांत अन्नाची कमालीची टंचाई, ३० टक्के मुलं तीव्र कुपोषित, आणि दर १०,००० लोकांमागं रोज दोन मृत्यू. बातम्यांत 'फॅमिन डिक्लेअर्ड' दिसलं की त्यामागं हे आकडे आहेत असं समजा. हा एवढा जड शब्द आहे. 'या वर्षी आमच्याकडं पाऊस कमी झाला' यासाठी तो वापरला तर वाचणारा एक तर दचकेल, नाही तर अर्जदार वाढवून सांगतोय असं समजेल.

तलाठी, तहसील आणि टंचाई

अहवाल लिहिणाऱ्यांना एक तिसरा शब्द लागतो. आपल्या जिल्हाधिकारी कार्यालयात टंचाई शाखा असते, दरवर्षी टंचाई आराखडा होतो, टँकर त्यातून सुटतात. हे टंचाई म्हणजे 'स्कार्सिटी'. महाराष्ट्रात १९६३ साली चक्क एक कायदा करून राज्याच्या कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्द काढण्यात आला आणि त्या जागी 'स्कार्सिटी' आला. कायद्याच्या नावातच 'डिलिशन ऑफ द टर्म फॅमिन' आहे. त्यामुळं राज्य सरकारचा कागद इंग्रजीत नेताना फॅमिन लिहाल तर मुळातच नसलेला शब्द तुम्ही घुसडाल. 'टंचाईग्रस्त गाव' म्हणजे 'स्कार्सिटी-अफेक्टेड व्हिलेज', 'दुष्काळग्रस्त तालुका' म्हणजे 'ड्राउट-अफेक्टेड तालुका'. या दोन्हींची अदलाबदल करू नका, कारण कोणत्या गावाला कोणती सवलत मिळते ते त्या शब्दावर ठरतं.

'दुष्काळसदृश' हा शब्द तर जपून हाताळायचा. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारनं आधी १८० तालुक्यांत दुष्काळसदृश परिस्थिती असल्याचं सांगितलं आणि महिनाअखेरीस १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. म्हणजे मधल्या काळात जे तालुके 'ड्राउट-लाइक' होते, त्यातले काही 'ड्राउट'मध्ये आलेच नाहीत. तुमच्या अनुवादात तो 'लाइक' गळाला तर गावाला न मिळालेली गोष्ट मिळाली असं कागदावर दिसेल.

पैसेवारी, आणेवारी हे शब्द भाषांतरित करत बसू नका. 'पैसेवारी' तसंच लिहा आणि पुढं एका वाक्यात सांगा की पीक नेहमीच्या मानानं किती आलं याचा हा महसुली अंदाज आहे, आणि ५० पैशांच्या खाली आला की पीकस्थिती वाईट धरतात. पावसाचा खंड म्हणजे 'ड्राय स्पेल'. सलग तीन आठवडे पावसानं ओढ दिली तर तो ड्राय स्पेल, त्याला लगेच ड्राउट म्हणायचं नाही. हवामान खातं पावसाचा हिशेब सांगताना 'डिफिशियंट' म्हणतं, म्हणजे सरासरीपेक्षा २० ते ५९ टक्के कमी. त्याहून कमी पडला तर 'लार्ज डिफिशियंट'. सगळ्या देशाच्या पावसाबद्दल बोलताना ड्राउट हा शब्द या खात्यानं २०१६ पासून सोडून दिला आहे. तेव्हा हवामान खात्याचा हवाला देत असाल तर त्यांचाच शब्द ठेवा.

ओला दुष्काळ

सप्टेंबर २०२५ मध्ये सीना, मांजरा, गोदावरी पात्र सोडून शिवारात शिरल्या. काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगेतच दाण्याला कोंब फुटले. कितीतरी ठिकाणी वरची मातीच वाहून गेली. तेव्हा सगळीकडं मागणी होती ती ओला दुष्काळ जाहीर करा म्हणून. त्या दिवसांत काही इंग्रजी बातम्यांत 'वेट ड्राउट' छापून आलं. मला विचाराल तर हे लिहू नये. ड्राउटच्या अंगातच कोरडेपणा आहे. मराठवाड्याबाहेरचा वाचक 'वेट ड्राउट' वाचून थबकेल, त्याला काहीच बोध होणार नाही. ज्याला आपलं नुकसान समजावं म्हणून आपण लिहितोय, त्याला शब्दातच अडकवून ठेवायचं कशाला?

सरळ काय झालं ते लिहा: 'एक्सेसिव्ह रेन ॲण्ड फ्लडिंग डिस्ट्रॉइड द स्टँडिंग सोयाबीन.' अतिवृष्टीसाठी 'एक्सेसिव्ह रेन' किंवा 'एक्स्ट्रीमली हेवी रेन', पिकासाठी 'क्रॉप लॉस', खरवडून गेलेल्या जमिनीसाठी 'टॉपसॉइल वॉश्ड अवे'. मागणीच सांगायची असेल तर 'ओला दुष्काळ' हा मराठी शब्द तसाच ठेवून शेजारी अर्थ द्या: जास्तीच्या पावसानं पीक गेलं तरी कोरड्या दुष्काळाइतकीच मदत मिळावी, ही शेतकऱ्यांची मागणी. एवढ्यानं बाहेरच्या माणसाला सगळं कळतं.

एक अर्ज दुरुस्त करून बघू

केज तालुक्यातली एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज घेऊन आली होती. तिच्या ओळी अशा होत्या: 'आय बिलाँग टू फॅमिन एरिया. एव्हरी इयर फॅमिन कम्स इन माय व्हिलेज. ड्यू टू फॅमिन वॉटर ट्रेन केम टू लातूर. माय पेरेंट्स आर गोइंग फॉर शुगरकेन बिकॉज ऑफ फॅमिन.'

तिचं सांगणं खरं होतं, प्रत्येक ओळ तिनं जगलेली होती. शब्द तेवढे तिच्या बाजूनं उभे राहत नव्हते. पहिली ओळ आम्ही अशी केली: 'आय कम फ्रॉम अ ड्राउट-प्रोन तालुका इन बीड डिस्ट्रिक्ट.' ड्राउट-प्रोन हा रुळलेला शब्द आहे. केंद्राचा अवर्षणप्रवण क्षेत्र विकास कार्यक्रम १९७३–७४ पासून याच नावानं चालला, म्हणून अवर्षणप्रवणला हाच शब्द लावायचा.

दुसऱ्या ओळीवर मी तिला विचारलं, दरवर्षी खरंच का गं? ती थोडा विचार करून म्हणाली, दरवर्षी नाही मॅडम, पण चौदा-पंधराला सलग दोन वर्षं गेला पाऊस, तेव्हा मी लहान होते, ते आठवतं. मग तेच लिहिलं: 'द रेन्स फेल्ड इन २०१४ ॲण्ड अगेन इन २०१५.' यात ड्राउट हा शब्दसुद्धा नाही आणि नसला तरी चालतो. 'द रेन्स फेल्ड' म्हणजे पावसानं दगा दिला, इंग्रजी वाचकाला हे लगेच भिडतं. 'एव्हरी इयर'पेक्षा दोन साल लिहिलेली कधीही खरी वाटतात.

तिसरी ओळ: 'इन एप्रिल २०१६, ड्रिंकिंग वॉटर हॅड टु बी ब्रॉट टु लातूर बाय ट्रेन.' धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत दहा टाक्यांत मिळून सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. या धरणाचं पाणी तिच्या भागालाही लागतं, म्हणून मी तिला म्हटलं, लातूरसोबत तुमच्या घरचंही लिही. त्या उन्हाळ्यात तुमच्या दारात पाणी कसं यायचं? तिनं लगेच सांगितलं, टँकर विहिरीत सोडायचा आणि आम्ही सगळे दोर घेऊन काठावर उभे. हे वाक्य अर्जात गेलं. माझ्या मते सगळ्या अर्जातलं तेच सगळ्यात भारी वाक्य होतं.

चौथी ओळ: 'माय पेरेंट्स मायग्रेट ईच विंटर टु कट शुगरकेन.' ऊसतोडीला जाणं याला 'मायग्रेट' म्हणायचं. कारण सांगायचं असेल तर 'बिकॉज अवर लँड हॅज नो इरिगेशन'. तिच्या घरची शेती कोरडवाहू होती, खरं कारण ते होतं. दुष्काळ हा शब्द मुलं प्रत्येक दुःखापुढं ठेवतात. तो बाजूला केला की त्याच्या मागचं नेमकं कारण दिसायला लागतं आणि अर्ज वाचणाऱ्यालाही तेच हवं असतं.

जोडीचे शब्द आणि उच्चार

ड्राउटला 'सिव्हिअर', 'प्रोलाँग्ड' लागतात. 'हिट' हे क्रियापद लागतं: 'ड्राउट हिट मराठवाडा'. दुष्काळ 'आला' म्हणून 'ड्राउट केम' लिहू नका. पीक दुष्काळाला तोंड देणारं असेल तर 'ड्राउट-रेझिस्टंट', ज्वारी-बाजरीबद्दल लिहिताना हा उपयोगी पडतो. फॅमिनच्या जोडीला 'डेथ्स', 'रिलीफ', 'व्हिक्टिम्स' येतात. खेळाच्या पानावर लांबलेल्या प्रतीक्षेला ड्राउट म्हणतात. विराट कोहलीचं नोव्हेंबर २०१९ नंतर थेट सप्टेंबर २०२२ मध्ये शतक झालं, त्या मधल्या काळाला इंग्रजी वर्तमानपत्रं 'सेंच्युरी ड्राउट' म्हणत होती. तिथं फॅमिन चालत नाही.

उच्चारात चूक होते ती ड्राउटला. स्पेलिंग डी, आर, ओ, यू, जी, एच, टी. त्यातले जी आणि एच मुके. 'बॉट', 'थॉट' यांच्या वळणावर जाऊन मुलं 'ड्रॉट' म्हणतात, ते चुकीचं. 'आउट' म्हणता तसं, पुढं 'ड्र' लावायचं. ओच्या जागी ए पडला तर 'ड्राफ्ट' उच्चाराचा वेगळाच शब्द होतो, त्याचा अर्थ वाऱ्याची झुळूक. लिहून झाल्यावर तेवढं एक अक्षर पुन्हा बघून घ्या, संगणक ही चूक दाखवत नाही कारण त्याच्या लेखी दोन्ही स्पेलिंगं बरोबर असतात. फॅमिनमध्ये पहिलं अक्षर 'फॅ', शेवट 'मिन'. 'फेमाइन' म्हणू नका.